शालनची पिवळी गाडी

शालन, तुझ्यामागं भेटायला येणारी माणसं अजून थांबलेली नाहीत. हॉलमध्ये उकडायला लागलंय, म्हणून मी पोर्चमध्येच खुर्च्या टाकल्यात. माणसं येतात, बसतात, हळू आवाजात विचारतात, "कधीपासून त्रास होता?" मी सांगतो. मग बोलणं थांबलं की प्रत्येकाची नजर कोपऱ्यातल्या गाडीकडं जाते. परवा तुझ्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "जावयांची का गाडी?"

मी म्हटलं, "नाही सर. शालनची."

त्यांनी कप खाली ठेवला. गाडीकडं बघितलं, भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघितलं, परत गाडीकडं बघितलं. "म्हणजे ते खरं होतं तर," म्हणाले.

त्यांना सगळं सांगावंसं वाटत होतं. पण दुःखाला आलेल्या माणसापुढं मोटारसायकलची गोष्ट कुठं काढायची? म्हणून तुलाच सांगतो. तुला ठाऊक असलेलीच, पण माझ्या बाजूनं. तू सांगायला बसलीस की मला मध्ये बोलूच द्यायची नाहीस.

सुरुवात माझ्यापासून झाली हे तू कधी कबूल केलं नाहीस. सरकारी दवाखान्यातून मी निवृत्त झालो तरी कळंबचे तात्या जनावर अडलं की मलाच फोन करायचे. त्या दिवशी त्यांची गाय अडली होती. वासराचा पुढचा पाय आत दुमडलेला. घामाघूम होऊन वासरू बाहेर काढलं, जगलं, आणि हात धुवायला मी गोठ्याच्या मागं गेलो. तिथं कडब्याच्या ढिगातून एक हँडल बाहेर आलेलं दिसलं. पेंढ्या बाजूला केल्या. खाली पिवळी टाकी, पुढं तडकलेली काच, आणि सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी हात लावायला गेलो तर चोचच मारली तिनं.

घरी आल्यावर जेवताना मी गंमत म्हणून हे सांगितलं. कोंबडीची गंमत. तू भाकरी मोडायची थांबलीस.

"कंची गाडी?"

"ती गं, पुढं झुकून बसायची. पोरं उडवत नेतात तसली. किती वर्षं पडून आहे कुणास ठाऊक."

"पिवळी? पुढं काच असलेली?"

"तुला काय माहीत?"

"अवो, ती गाडी नवीन आली तवा माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या वह्यांवर तिचीच चित्रं होती. किती जणांना उभं केलं होतं त्यापायी."

तू सांगवीची. शाळेत, बँकेत, पाहुण्यांत पुस्तकासारखं बोलायचीस. माझ्यावर चिडलीस की तर फारच शुद्ध बोलायचीस. पण खुशीत आलीस की 'हाय' आणि 'न्हाय' सुरू व्हायचं. लग्न झाल्यापासून मला ह्या एका खुणेवर संसार करता आला. त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या मला कळलं, की हे प्रकरण साधं नाही.

रविवारी सकाळी तू पदर खोचून तयार. "चला, तात्यांच्या गाईला बघून येऊ." आजवर माझ्या एकाही गाईला बघायला तू आली नव्हतीस.

तात्या आपले साधे. "गाय बरी हाय डाक्टर. कशाला तरास घेतला मॅडमनी?" तोवर तू गोठ्याच्या मागं पोचलीसुद्धा होतीस. आम्ही आलो तेव्हा साडी सावरून उकिडवी बसली होतीस आणि मान तिरकी करून इंजिनाच्या खालून बघत होतीस. कोंबडी तुझ्याकडं बघत होती.

"तात्या, ही इकायची का?"

तात्यांचा चेहराच बदलला. "न्हाय. लय पोरं येऊन गेली हिच्यासाठी. एकाला बी दिली न्हाय. ह्या गाडीनं माझ्या संतूचा गुडघा खाल्ला. दुसऱ्याच्या पोराचा खायला न्हाय देणार मी." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या जावयाला पायजे का?"

मी खाली बघितलं. तू नाही बघितलंस. "जावई न्हाय आता, तात्या. आन् मला पोरगा बी न्हाय. गाडी मला पायजे. मला चालवायला."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "डाक्टर, काय म्हंत्यात ह्या?"

मी म्हटलं, "तात्या, मलाही आत्ताच कळतंय."

तेवढ्यात संतोष आला. डाळिंबाच्या बागेतून आला होता, हातात कात्री, एक पाय किंचित ओढत. चाळिशी ओलांडलेला माणूस. तू त्याच्याकडं वळलीस. वर्गात एखाद्या गप्प बसणाऱ्या मुलाला उठवायचीस तशा आवाजात म्हणालीस, "संतोष, गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मग तू सांग. द्यायची का?"

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नसावं. तो बराच वेळ गाडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चालू व्हईल का मॅडम ती?"

"म्हाईत न्हाय. पण करून बघीन."

"मग न्या." आणि वडलांकडं वळून म्हणाला, "जाऊ द्या तात्या. हिच्याकडं बघून तुमी मला रोज नव्यानं पडल्यालं बघताय."

 तात्या गोठ्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. पण ते एवढंच म्हणाले, "कोंबडीची पिल्लं निघूस्तर थांबा."

आणि आपण थांबलो. पिल्लं निघाली, तात्यांचा फोन आला, आणि पिकअपमध्ये दोरखंडानं बांधलेली ती गाडी आपल्या पोर्चमध्ये उतरली. सीटवर अजून पिसं चिकटलेली होती.

खरं सांगू? ती चालू होईल असं मला एक दिवसही वाटलं नव्हतं. चाकं फिरत नव्हती, ब्रेक धरून बसलेले, उंदरांनी वायरी खाल्लेल्या. हवेच्या फिल्टरच्या डब्यात त्यांनी कापसाचं घर केलं होतं. टाकीचं झाकण उघडलं तर आत काकवीसारखं घट्ट, काळपट काहीतरी, आणि त्याचा असा वास की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, गॅस तर सुटला नाही ना. मी म्हटलं, एखाद्या गॅरेजला टाकू. तू चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "आपण कृपया यात लक्ष घालू नये." शुद्ध भाषा ऐकून मी आत गेलो.

पण लक्ष घातल्यावाचून राहवेना. टाकीच्या तळातला चिकटा कसा काढायचा यावर तू अडलीस तेव्हा मीच माझी म्हशीची मोठी सिरिंज आणून दिली. नळी लावून तू सगळं ओढून काढलंस. मग आतल्या गंजावर सरबताला घालतात ते लिंबूसत्त्व पाण्यात कालवून ओतलंस, बारीक खडी घातलीस, आणि आपण दोघं दोन बाजूंनी टाकी धरून हलवत बसलो. पाळण्यात मूल हलवावं तसं. रेडिओवर बाजारभाव चालू होते. तुला आठवतं का, तू एकदम हसायला लागलीस आणि म्हणालीस, "प्राजक्ता झाल्यावर एवढं हलवलं असतंत तर पोर वेळंवर झोपलं असतं."

पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून तेल सोडून तू वाट बघत राहिलीस. रोज सकाळी देवपूजा झाली की बाहेर येऊन किकला पायानं हलकेच दाबून बघायचीस. पोलाद हलायचं नाही. इंदापूरच्या युसूफभाईंचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान तू शोधून काढलंस. ते म्हणाले, "मॅडम, इंजिन दुसरं टाका. हे उठायचं न्हाय." तू म्हणालीस, "युसूफभाई, नापास करायच्या आधी पेपर तर तपासू." पुढं तेच तुझ्यासाठी पुण्याच्या नाना पेठेत फिरून गॅस्केट आणि ब्रेकचे रबर आणायला लागले. तू गेल्याचं कळल्यावर ते दुकान बंद करून आले होते.  गाडीजवळ जाऊन टायरची हवा दाबून बघितली, डोळे पुसले आणि निघून गेले.

एका सकाळी किक खाली गेली. हळूच, कण्हत, पण गेली. तू आत येऊन मला ओढत बाहेर नेलंस आणि परत दाबून दाखवलंस.

तुझ्या निवृत्तीला मिळालेल्या सत्काराच्या शाली तू गाडी पुसायला काढल्या होत्यास. "पुसायला बी उपेगाच्या न्हाईत," म्हणायचीस, "थेंब टिपत न्हाईत." नखांत काळं, साडीऐवजी माझे जुने शर्ट, केसांत कोळ्याची जाळी. मी विचारायचो, कशाला गं हे सगळं? प्रत्येक वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणालीस, पिवळा रंग आवडला. एकदा म्हणालीस, तुमच्या कपाळावरच्या आठ्या मोजायला. एकदा मात्र हातातला कार्बोरेटर उजेडाकडं धरून म्हणालीस, "सगळी नोकरी फळ्यावर इंजिन काढण्यात गेली. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. पोरांकडनं पाठ करून घेतलं. उघडून एकदा बी बघितलं नव्हतं." यातलं खरं कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक सगळीच खरी असतील.

ह्या काळातच प्राजक्ता आली होती. तुमच्या दोघींचं तेव्हा धड बोलणं नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून ती आली तेव्हा तू तिला म्हणाली होतीस, "जरा दमानं घे. लोक काय म्हणतील याचाही विचार कर." ती दोन बॅगा घेऊन तशीच पुण्याला गेली. तेव्हापासून फोन माझ्या मोबाइलवर यायचा. त्या दिवशी तिनं पोर्चमध्ये सुटे भाग मांडलेले बघितले, तुझे काळे हात बघितले, आणि म्हणाली, "तुला हवं ते तू घेतेस, आई. आता लोक काही म्हणत नाहीत का?"

 तू हातातलं फडकं तिच्यापुढं धरलंस. तिनं ते घेतलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली, आणि तू साखळीचा तो एकच भाग पुसत बसलीस.  मायलेकींच्या मध्ये बोलायची मला सवयच नव्हती.

गाडी चालू झाली ती गुढीपाडव्याच्या अलीकडं, सकाळी. नवी बॅटरी होती, पण तुला किकच मारायची होती. किती मारल्यास देव जाणे. मी माझा स्टेथोस्कोप इंजिनाला लावून बसलो होतो, आत नेमकं काय ऐकायचं ते ठाऊक नसताना. मग एकदम खोकल्यासारखा आवाज, पांढरा धूर, शेजारच्यांचं कुत्रं भुंकत सुटलं, आणि मी कानातून नळ्या उपटून काढल्या. मला वाटलं तू ओरडशील. तू पायरीवर बसलीस आणि काळ्या हातांनी तोंड झाकून घेतलंस. हात काढलेस तेव्हा सगळं तोंड काळं. त्या तोंडानं माझ्याकडं बघून म्हणालीस, "व्हय की वो! चालू झाली!"

पुढची पासिंगची आणि कागदांची कटकट मी केली, तेवढं श्रेय दे. शाळेच्या ग्राउंडवर पडत-उठत तू चालवायला शिकलीस, लायसन्स काढलंस, आणि मग आपण निघालो. तू पुढं, मी मागं. त्या गाडीची मागची सीट उंच, त्यामुळं तुझ्या हेल्मेटवरून मला सगळा रस्ता दिसायचा. हात कुठं ठेवायचे कळेना. आयुष्यभर तू स्कूटरवर माझ्या मागं एका बाजूला बसलीस, एक हात माझ्या खांद्यावर. तू तो हात किती विश्वासानं ठेवत होतीस, ते मला मागं बसल्यावर समजलं. भिगवण रस्त्याला चौकात पोरं वळून बघायची. एकानं विचारलं, "काकू, चालवता येती का नीट?" तू हेल्मेटची काच वर करून म्हणालीस, "तुझ्या बापाला शिकवलंय मी विज्ञान. घरी जाऊन विचार." आणि ते खरं निघालं.

गाडीच्या उजव्या अंगावर तो लांब ओरखडा होता, संतोष घसरला तेव्हाचा. त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, सगळी गाडी चकचकीत केलीस आणि एवढं कशाला ठेवतेस, रंग मारून टाकू. तू म्हणायचीस, "तो ओरखडा त्याचा हाय. आपण कोण पुसणार?" मग कळंबला गेलो त्याला गाडी दाखवायला. तात्या अंगणात उभे, संतोष दारात. तू गाडी बंद केली नाहीस, तशीच चालू ठेवून उतरलीस आणि बाजूला झालीस. तो लंगडत आला. टाकीवर हात ठेवून डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्याचा हात ओरखड्यावर गेला, आणि तो म्हणाला, "मॅडम, ह्ये का ठेवलं? पुसून टाका की."

मी जिंकल्यासारखं तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "तुझं हाय. तू पूस."

पुढच्या रविवारी तो खरंच आला, पॉलिशपेपर आणि रंगाचा डबा घेऊन. तात्यांनाही आणलं. दिवसभर पोर्चमध्ये घासत बसला होता. नवा रंग जरा फिका लागला, जवळून बघितलं की कळतो. तात्या चहा पीत पीत त्याच्याकडं बघत होते. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "डाक्टर, लय वर्सांनी पोरगं शीळ घालतंय."

तुला सांगायचं राहिलं होतं हे. तू तेव्हा आत पोळ्या करत होतीस.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या, तेव्हा तू एकदा म्हणालीस, क्लच जड झालाय. मी केबलला तेल सोडलं. क्लच हलका होता. मग एका सकाळी उजेडात तुझ्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. जनावरांच्या डोळ्यांत मी तो हजारदा बघितला होता. माझा चेहरा बघून तू म्हणालीस, "काय वो, गाडीचा रंग लागला का डोळ्याला?" पुण्याला तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तू माझ्याआधी समजून घेतलंस. येताना कारमध्ये मलाच धीर देत होतीस, यवतला थांबून मला ज्यूस प्यायला लावलंस.

प्राजक्ता आली ती लॅपटॉप घेऊनच आली, राहायला. पहिले काही दिवस तुम्ही औषधांबद्दल बोलायचात, पथ्याबद्दल बोलायचात. एकमेकींशी इतक्या जपून, की मलाच धाप लागायची. एके दिवशी तू तिला म्हणालीस, "गाडी उभी राहून परत जाम व्हईल. मला आता धरवत न्हाय. तू शिकतीस का?"

मग रोज सकाळी शाळेच्या ग्राउंडवर तुमची शाळा. मी कारमधून तुला घेऊन जायचो. अंगावर त्या सत्काराच्या शालींपैकीच एक, काच खाली केलेली, आणि तिथून तुझा आवाज: "क्लच हळू! अगं हळू सोड, मुंडी वर कर, चाकाकडं न्हाय, लांब बघ!" औषधांनी खोल गेलेला तुझा आवाज तेवढ्या वेळापुरता परत यायचा. प्राजक्ता पडायची, उठायची, चिडायची. तू दया दाखवायची नाहीस.

एकदा मी तुझ्यासाठी शहाळं आणायला गेलो होतो. परत आलो तर कारचं दार उघडं आणि तू आत नव्हतीस. घाबरलो. मग दिसलात. ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला गाडी बंद करून ती बसलेली, आणि तू तिच्या बाजूला उभी. क्लच धरलेल्या तिच्या हातावर तुझा हात. तू बोलत होतीस. मग ती बोलत होती. मग तिचं हेल्मेट तुझ्या खांद्यावर टेकलं होतं. मी शहाळं हातात घेऊन फाटकातच उभा राहिलो.

काय बोललात ते मी तुला विचारलं नाही, तिलाही विचारणार नाही. त्या संध्याकाळी ती तुझ्या केसांना तेल लावत होती, आणि तुम्ही दोघी माझ्या चालण्याची नक्कल करून हसत होतात. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. तुझ्याकडून मला आयुष्यात खूप काही मिळालं, शालन, पण ती संध्याकाळ फार मोठी होती.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल लिहीत नाही. तू होतीस तिथं.

आज सकाळी प्राजक्ता म्हणाली, "बाबा, चला, बाहेर पडू. बसा मागं." मी म्हटलं, माणसं येतील. ती म्हणाली, "येऊ देत. शेजारच्या काकू चहा देतील." सोमवारी ती पुण्याला परत जातेय, म्हणून मी फार ताणलं नाही. हेल्मेट घातलं आणि बसलो.

आम्ही इंदापूरकडं गेलो. हंगाम उतरलाय, पण शेवटच्या ट्रॉल्या अजून आहेत. एका ट्रॅक्टरला तिनं ओलांडलं तेव्हा ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला आणि हात केला. ती तुझ्यापेक्षा जोरात चालवते. मी तिला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. इंदापूरच्या पुढं उजनीच्या पाण्याच्या कडेनं एक आडरस्ता जातो. तिथं तिनं गाडी थांबवली, उतरली, आणि किल्ली तशीच ठेवून म्हणाली, "आता तुम्ही."

"मी? अगं, मी स्कूटरवाला माणूस. ह्या वयात कंबर जाईल."

"घाबरताय?"

"हो."

"मग बसा. घाबरत घाबरत चालवा."

बसलो. इतकं पुढं वाकून बसायचं, तर पोटच मध्ये येतं. तू कशी बसायचीस? पहिल्यांदा सोडली तर गाडी उडी मारून बंद. दुसऱ्यांदाही तेच. पाण्यात जाळं आवरणारा एक माणूस काम थांबवून बघत उभा राहिला. आणि मागून पुण्यात राहणारी, मीटिंगमध्ये इंग्रजी बोलणारी आपली लेक ओरडली, "बाबा, क्लच हळू वो! हळू म्हंते ना!"

मला हसू आवरेना. हसता हसता क्लच आपोआप हळू सुटला आणि गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, मग तिसरासुद्धा. वारा हेल्मेटमध्ये शिरला. डाव्या हाताला पाणी, त्यात पक्षी बसलेले, उजवीकडं तोडलेल्या उसाचं रान. बाभळीच्या झाडापर्यंत गेलो. वळवता येईना, म्हणून दोन्ही पाय टेकवून, ढकलत ढकलत तिचं तोंड फिरवलं. आणि परत आलो. प्राजक्ता रस्त्यात तोंडावर हात धरून उभी होती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझंही तेच चाललं होतं. जाळंवाल्यानं लांबून टाळ्या वाजवल्या.

घरी आलो. पोर्चमध्ये कुणी नव्हतं. मी कुलूप काढलं, आणि दारातूनच नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं हाक मारली, "अगं ऐकलंस का, आज काय झालं..."

तेवढं बोलून थांबलो. आत सगळं गप्प होतं. मागं प्राजक्ता हातात हेल्मेट घेऊन उभी होती. मला वाटलं, आता हिला काय वाटेल.

ती म्हणाली, "थांबलात का बाबा? सांगा की तिला."

म्हणून हे लिहायला बसलोय.